चौदा खोल्या, वापरातल्या चार

हे प्रकरण मोठे घर लहान करण्याचे, गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका गावचे. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. गावाचे नाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरातल्या दोघांना तात्या आणि माई म्हणू. तात्या बहात्तर वर्षांचे, हायस्कुलातून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. माई सदुसष्टच्या. मुलगी पर्वरीला, मुलगा पुण्याला. मी वास्तुरचनाकार आहे. जुन्या घरांची छपरे, वासे, ओल धरलेल्या भिंती हे माझे रोजचे काम. २०२४ च्या फेब्रुवारीत मला बोलावणे आले ते छपराचा अंदाज काढून द्यायला. घर सोडायचा विषय तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता.

घर आजोबांनी बांधलेले. चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौले, मधोमध राजांगण आणि त्यात तुळस. पुढे सोपो, म्हणजे ओसरी, त्याला लागून लांबलचक साल, म्हणजे दिवाणखाना. राजांगणाच्या मागची पाख वेगळीच: धान्याची खोली, दोन निजायच्या खोल्या, लाकडांची खोप आणि शेवटी गोठा. गुरे जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्यामागे कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग. मी मोजले तेव्हा न्हाणीसकट चौदा खोल्या भरल्या आणि छपराखालची जागा चारशे चौरस मीटर.

गोव्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कौलारू घर दरवर्षी मेमध्ये हाताखालून गेले नाही तर जुलैत त्याची शिक्षा मिळते. इथे कौले परतणारी माणसे मिळेनाशी झाल्यापासून चार-पाच पावसाळे नुसत्या ताडपत्रीवर निघाले होते. मागच्या पाखेचे वासे वाळवीने पोकळ केले होते. बोटाने दाबले की भुसा. मी अंदाज दिला तो एकोणीस लाखांचा, रंग सोडून.

तात्यांनी कागद दोनदा वाचला. माईंनी तो हातातही घेतला नाही. “एवढे करून त्या खोल्यांत निजणार कोण, ते सांग बाय,” एवढेच म्हणाल्या.

दुरुस्तीच्या कामाआधी मी घरातल्यांना एक गोष्ट करायला लावते. घराच्या नकाशाची प्रत देते आणि आठवडाभर ज्या खोलीत काही कामासाठी पाऊल पडेल तिथे पेन्सिलीने खूण करायला सांगते. झाडायला गेलात तर फुली, राहायला-वापरायला गेलात तर टिंब. तात्यांनी ते परीक्षेचे पेपर तपासावेत तसे नेटाने केले. आठवड्याने नकाशा परत आला तेव्हा टिंबे चार ठिकाणी दाटली होती: स्वयंपाकघर, त्याला लागून असलेली पूर्वीची बाळंतिणीची खोली, न्हाणी आणि सोपो. देवघरात सकाळची थोडी. बाकी सगळीकडे फुल्याच फुल्या, आणि त्या सगळ्या माईंच्या हातच्या.

चारही जागांचे क्षेत्रफळ अठ्ठावन्न चौरस मीटर. तात्यांनी तिथल्या तिथे भागाकार केला: साडेचौदा टक्के.

माझ्या मते हे प्रकरण इथेच सुटले. पुढचे दीड वर्ष त्याची अंमलबजावणी झाली. ही दोघे कधीपासूनच लहान घरात राहत होती. त्या लहान घराला उरलेल्या दहा खोल्यांची राखण तेवढी चिकटली होती, आणि ती राखण जवळजवळ सगळी एका गुडघेदुखीच्या बाईकडे होती. “मोठे घर सोडायचे का?” या प्रश्नाला तात्यांनी जन्मभर नाहीच म्हटले असते. “राखण कोणी करायची?” हा प्रश्न त्यांना टाळता येईना.

सह्या

घर लहान करायचे म्हटले की लोक कपाटे उपसायला घेतात. निदान गोव्यात तरी सुरुवात कागदांपासून करावी, कारण कपाट रिकामे करायला महिना लागतो आणि एक सही मिळवायला वर्ष जाऊ शकते.

मार्चमध्येच एक दलाल येऊन गेला. दिल्लीची पार्टी आहे, राजांगण असलेले जुने घर हवे आहे, कुळागरासकट घेतील, आकडा तुम्ही सांगा. आकडा ऐकून पुण्याच्या मुलाने दोन दिवस फोन सोडला नाही. तात्यांनी एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, काढून वकिलांकडे नेला. उताऱ्यावर नाव आजोबांचे! आजोबांच्या पश्चात कोणी काही केलेच नव्हते. घरपट्टी भरली जात होती, वीजबिल तात्यांच्या नावावर होते, तेवढ्यावर सगळ्यांचे भागले होते.

१८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १८७० पासून आहे, आणि मुक्तीनंतरही कुटुंबाच्या व्यवहारांत तो राहिला. वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या स्वतंत्र कायद्यात आला आहे. तो २०१६ च्या डिसेंबरपासून लागू झाला. दोन्हींतली दोन तत्त्वे अशा घरांना थेट लागू पडतात. मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते, म्हणून घर-जमीन विकायची तर जोडीदाराची सही हवीच.

तात्यांचा हिशेब होता चार भावंडांचा. ते स्वतः, मडगावचा धाकटा भाऊ, बेळगावची बहीण, आणि मुंबईची थोरली बहीण, जी वारली आहे. थोरलीच्या ठिकाणी तिचे यजमान, दोन मुले आणि त्या मुलांचे जोडीदार. एकूण अकरा सह्या. वकिलांनी शांतपणे विचारले, “तुमच्या वडिलांना बहीण नव्हती?” होती. सावंतवाडीला दिलेली आत्या. ती आणि तिचे यजमान दोघेही गेले. तिची तीन मुले, तिघांची लग्ने झालेली. सतरा. या सतरांपैकी एक भाची कॅनडात.

दलालाने यादी पाहिली आणि पुन्हा फोन केला नाही. मला त्याचे फार वाईट वाटले नाही. पण याच यादीमुळे घराला उसंत मिळाली हेही खरे आहे. विकणे शक्यच नाही म्हटल्यावर “विकायचे की नाही” यावरून होणारी भांडणे झाली नाहीत. न्यायालयात इन्व्हेंटरी घालायची, वारसांनी आपसांत बोली लावायची, जास्त बोलेल त्याने घर घ्यायचे आणि इतरांना पैसे द्यायचे, असाही रस्ता असतो. वकिलांनी तो समजावून सांगितला. तात्या म्हणाले, “भावंडांत पावणी मी लावणार नाही.” ठरले ते इतकेच: स्पेशल नोटरीपुढे आजोबा, वडील आणि आई यांच्या वारसांचे दस्त करून घ्यायचे, म्हणजे पुढच्या पिढीला आत्या नव्याने शोधावी लागणार नाही.

मग नवे घर कशातून? तात्यांनी १९९३ साली कुर्टीला एक प्लॉट घेऊन ठेवला होता. मुलगा गोव्यात परतला तर बांधेल म्हणून. मुलगा परतणार नाही हे त्याला आणि माईंना ठाऊक होते. तात्यांना ते त्या उन्हाळ्यात कळले.

सालेत आखलेला फ्लॅट

फोंड्यात फ्लॅट पाहायला सुरुवात केली तेव्हा माईंची एकच अट होती: नुस्त्याचा (मासळीचा) बाजार, औषधाचे दुकान आणि देऊळ, तिन्ही पायी. फर्मागुडीच्या पठारावरचा एक फ्लॅट मला स्वतःला फार आवडला होता. वारा, उजेड, समोर मोकळे. पण पाव आणायलाही स्कूटर काढावी लागली असती, आणि बहात्तराव्या वर्षी घर निवडताना ब्याऐंशीव्या वर्षी स्कूटर कोण चालवणार हे धरून चालावे लागते. तो सोडला.

पसंत पडला तो बाजाराजवळच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे आणि वीज गेली की लिफ्टसाठी जनरेटर आहे. हे मी जिन्यात उभी राहून मेन स्विच पाडायला लावून पाहिले, कारण जाहिरातीतला जनरेटर आणि चालणारा जनरेटर यांची कधी कधी भेट होत नाही. बाल्कनी पूर्वेला. नैऋत्येकडून येणारी झड शेजारच्या इमारतीवर आपटते, आपल्या खिडकीवर नाही. विक्रेता पंचाण्णव चौरस मीटर म्हणत होता. ते सुपर बिल्टअप, म्हणजे जिना-लिफ्टचा वाटा धरून. २०१६ च्या रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याने कार्पेट एरियाची, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेची, व्याख्या पक्की केली आहे, तोच आकडा मागायचा. तो निघाला चौसष्ट.

चौसष्ट म्हणजे किती, हे चारशे मीटरच्या घरात वाढलेल्या माणसाला आकड्याने कळत नाही, गणिताच्या शिक्षकालाही नाही. म्हणून आम्ही तो फ्लॅट जुन्या घरात आखला. साल बारा मीटर लांब, साडेपाच रुंद. सुतळी ताणून चुन्याने भिंती ओढल्या. आकार हुबेहूब बसत नव्हता, एक बेडरूम शेजारच्या खोलीत सरकवावी लागली. दारांच्या जागा मोकळ्या सोडल्या, खिडक्यांच्या जागी तिरक्या रेघा. आणि मग दोघांना सांगितले की महिनाभर रेघांच्या आतच राहायचे.

पहिले काही दिवस तात्या भिंतींतून चालत होते. माई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, “अहो, भिंत आहे तिथे!” गावात बातमी पसरली आणि शेजारची मुले बघायला येऊ लागली. पण त्या चुन्याच्या रेघांनी जे सांगितले ते मी दहा बैठकांत सांगू शकले नसते.

शिसवी पलंग आत आला, पण दोन्ही बाजूंना वीतभरच जागा राहिली. चादर बदलायची तर माईंना पलंगावर गुडघे टेकून चढावे लागे, आणि गुडघ्यांसाठीच तर हा सगळा खटाटोप. व्होल्तेर खुर्चीचे लांब हात बाल्कनीच्या दारात आडवे आले. जेवणाचे टेबल आठ जणांचेच हवे, मुले-नातवंडे आली तर, असा तात्यांचा हट्ट होता. मांडले. फ्रिजचे दार अर्धेच उघडे. चार दिवस तात्यांनी दुधाची पिशवी तिरकी करून काढली, पाचव्या दिवशी स्वतःच चौघांच्या टेबलाचे माप घेऊ लागले.

सर्वांत मोठा शोध लागला तो मात्र फर्निचरचा नव्हता. संध्याकाळी तात्यांना बातम्या लागतात, मोठ्या आवाजात. कान थोडे मंदावले आहेत. माईंची मालिका त्याच वेळेला. जुन्या घरात दोन टीव्हींच्या मध्ये राजांगण होते. रेघांच्या आत ते एकमेकांच्या खांद्यावर आले. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ही दोघे दिवसभर इतकी जवळ कधी राहिली नव्हती: तात्या शाळेत नाहीतर कुळागरात, माई आत. तिसऱ्या आठवड्यात माईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, “दुसरी बेडरूम पाहुण्यांची नको. त्यांची कर. दार लागू दे.” मुलीचा विचार होता की ती खोली आपल्यासाठी राहील; ती थोडी खट्टू झाली. पण वर्षातले दहा दिवस येणाऱ्यांसाठी उरलेल्या साडेतीनशे दिवसांची खोली अडवायची नाही, हे मी प्रत्येक अशा कुटुंबाला सांगते आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी खट्टू होते.

फ्लॅटमध्ये आम्ही केलेले बदल थोडे आणि स्वस्त होते. न्हाणीघराचा उंबरा काढला आणि उतार नव्याने दिला. दार बाहेर उघडणारे केले, म्हणजे आत कोणी पडले तरी उघडता येते. कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्के हँडल. माई ठेंगण्या, म्हणून ओटा नेहमीपेक्षा पाच सेंटिमीटर खाली. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्री आपोआप लागणारा मंद दिवा. फॉल्स सीलिंग लावा असे विक्रेता फार म्हणत होता. त्याला हात जोडले.

पैशांचे थोडे

प्लॉट २०२४ च्या नोव्हेंबरात अठ्ठावन्न लाखांना गेला, फ्लॅट डिसेंबरात बासष्ट लाखांना घेतला. मधले चार लाख, नोंदणी आणि आतले काम ठेवींतून. प्लॉटचा गिऱ्हाईक महाराष्ट्रातला. खरेदीखतात माईंची सही कशाला, नाव तर एकट्या तात्यांचे आहे, असे तो विचारत राहिला. त्याला वर सांगितलेला नियम सब-रजिस्ट्रारच्या दारात समजावावा लागला.

कराची बाजू गोव्यातल्या जोडप्यांनी नीट पाहावी. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ५-अ होते: पोर्तुगीज नागरी कायद्याखालच्या पती-पत्नीचे पगार सोडून बाकीचे उत्पन्न अर्धे-अर्धे वाटून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवायचे. प्लॉटवरचा नफाही तसाच वाटला गेला. आणि कलम ५४-फ प्रमाणे, राहते घर सोडून दुसरी मालमत्ता विकून विक्रीची सगळी रक्कम ठरलेल्या मुदतीत राहत्या घरात घातली, आणि विक्रीच्या दिवशी त्या नव्या घराशिवाय एकाहून जास्त घरे नावावर नसली, तर नफ्यावर कर लागत नव्हता. तयार घर घ्यायचे तर मुदत विक्रीआधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षे. जुलै २०२४ मध्ये दर बदलून साडेबारा टक्के की निर्देशांकासह वीस टक्के असा घोळ झाला होता, पण इथे तो मोजायची वेळच आली नाही. दोन्ही व्यवहार पन्नास लाखांवरचे, म्हणून खरेदीदाराने एक टक्का कर कापून भरायचा होता. फ्लॅट घेताना तो कापणे तात्यांकडे आले. चार्टर्ड अकाउंटंटने आठवण केली नसती तर राहून गेले असते.

चवथ

२०२४ ची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, ७ सप्टेंबरला होती. सगळे घरी आले, चाळीस-एक माणसे, नेहमीप्रमाणे. गणपतीवर माटोळी बांधली होती: नारळाची पेंड, सुपारीचे शिपटे, तोरिंग, कांगणे, कवंडळ. माटोळीची लाकडी चौकट सालेच्या तुळईला जिथे टांगतात तिथे चार पितळी कड्या आहेत. या घराच्या वादात त्या कड्यांना जेवढे वजन होते तेवढे सतरा सह्यांनाही नव्हते.

आरतीनंतर बैठक झाली. मी तिथे नव्हते. मला नंतर दोन हकिगती ऐकायला मिळाल्या आणि त्या एकमेकींशी फारशा जुळत नाहीत. तात्यांच्या म्हणण्याप्रमाणे भाऊ रागावला: थोरल्याने घर सोडले तर देवाचे कोण करणार? माईंच्या म्हणण्याप्रमाणे भाऊ रागावला नव्हता, घाबरला होता. आता किल्ली आपल्याकडे येईल आणि तिच्यासोबत चाळीस माणसांचे जेवण, हे त्याच्या आधी त्याच्या बायकोला कळले. माईंची ही धाकटी जाऊ म्हणाली, “वहिनींनी चाळीस वर्षे केले. मला नाही जमायचे, आधीच सांगते.” माईंना या वाक्याचा राग येईल असे सगळ्यांना वाटले. माई मला म्हणाल्या, “कोणीतरी बोलली एकदाची.”

त्यातून जे ठरले ते असे. चवथ जुन्याच घरी. स्वयंपाकाला रांदपी लावायचा, खर्च चार घरांत. देवारो हलवायचा की नाही यासाठी कुलदेवाच्या देवळात प्रसाद लावला, म्हणजे देवाचा कौल घेतला. तो हलवू नये असा निघाला, आणि खरे सांगायचे तर सर्वांनाच तो तसा निघायला हवा होता. देवारो साऱ्या घराण्याचा, एकट्या तात्यांचा नाही. रोजच्या पूजेला वाड्यावरचे भटजी येतात, महिन्याची दक्षिणा ठरली आहे. माईंनी स्वतःचा बाळकृष्ण तेवढा बरोबर नेला.

याच बैठकीपुढे माझा दुसरा कागद ठेवला गेला. जुने घरही लहान करायचे. राजांगणाच्या मागची सगळी पाख उतरवायची, पुढचे घर, राजांगण, देवघर, साल, एक स्वयंपाकघर आणि एक न्हाणी राखायची. मागच्या पाखेची धड कौले आणि चिरे पुढच्या दुरुस्तीला वापरायचे. एकोणीस लाखांचा अंदाज आठ लाख चाळीस हजारांवर आला. जुनी घरे जपणाऱ्या माझ्या काही व्यवसायबंधूंना हे पटत नाही. ते घर अखंड ठेवा म्हणतात. अखंड ठेवायला पैसा आणि माणसे ज्यांच्याकडे आहेत त्यांनी जरूर ठेवावे. इथे पर्याय होता तो अर्धे घर वाचवण्याचा किंवा सगळेच दहा पावसाळ्यांत जमिनीला मिळू देण्याचा.

घर राखायला माणूस हवा होता. १९७५ च्या मुंडकार कायद्याच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत राहणाऱ्याला हुसकावण्यापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, धास्तीने भाटकार (जमीनमालक) घराणी अजूनही आपल्या जागेत कोणाला राहू द्यायला कचरतात. मधला मार्ग असा निघाला की कोणी राहायचे नाही. वाड्यावरची एक बाई एक दिवस आड येऊन खिडक्या उघडते, केर काढते, पगार घेते. तसे कागदावरही लिहून ठेवले आहे. कुळागर भाऊ बघतो. पाडेली सांगून नारळ पाडून घेणे आणि सुपारी गोवा बागायतदार या सहकारी संस्थेकडे पोचवणे ही दोन कामे त्याला निवृत्तीनंतर हवीच होती, असे त्याची बायको म्हणते.

वस्तू

वस्तूंचे फार लांबवत नाही. आधी फ्लॅटमध्ये काय जाणार ते चुन्याच्या रेघांनी ठरले होते, त्यामुळे “हे टाकू का, ते टाकू का” असे एकेका वस्तूपुढे उभे राहायची वेळ आली नाही. रेघांबाहेर जे राहिले त्यातले चवथीला लागणारे जुन्या घरातच ठेवले: पितळेची भांडी, समया, पाट, मोठी रगडो. तांब्याचे भाण मुलीला हवे होते. पर्वरीच्या फ्लॅटमध्ये ते कुंडी म्हणून ठेवणार म्हटल्यावर तात्यांनी दिले नाही. आठ दिवसांनी दिले. लोणच्याची बुयांवे (बरण्या) सहा होती, माईंनी एक ठेवले आणि बाकीची शेजारणींना वाटली; त्यांपैकी एकीने ते परत आणून दिले, “तुमच्या हातच्या लोणच्यासकट द्या” म्हणून.

एक पेटी मात्र मी सर्वांना सावकाश उघडायला लावली. तिच्यात पोर्तुगीज काळातले दस्त, कर भरल्याच्या पावत्या, कुळागराच्या पाण्याच्या पाळ्यांची मोडीतली टिपणे होती. आवराआवरीच्या भरात अशी पेटी रद्दीत गेलेली मी पाहिली आहे. वारसा दस्ताच्या वेळी वकिलांना आत्याच्या लग्नाचा कागद सापडला तो याच पेटीत.

आणि पलंग. शिसवी पलंग सुटा करून नेता आला असता, नेला नाही. तो सालेशेजारच्या खोलीत आहे. चवथीला तात्या-माई त्याच्यावर निजतात.

नंतर

३० मार्च २०२५, पाडव्याला दोघे फ्लॅटमध्ये राहायला आली. एप्रिलमध्ये मागची पाख उतरवायला घेतली. त्या वर्षी मान्सून मेमध्येच आला, आणि शेवटच्या चार ओळी कौले माणसांनी पावसात बसवली. भिजलेली मजुरी वेगळी द्यावी लागली.

माई आठवडाभरात रुळल्या. सकाळी बाजार, संध्याकाळी देऊळ, इमारतीतल्या तिघी-चौघींबरोबर. दोन तास झाडणे गेले. गुडघे बरे झाले नाहीत, पण रात्री सुजत नाहीत. गावच्या घराची आठवण येते का, असे मी विचारले. “येते. झाडू हातात घेतला की येते,” म्हणाल्या आणि हसल्या.

तात्यांचे तसे नाही. गावात ते मास्तर. सोप्यावर बसले की रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबायचा. कोणाचा अर्ज, कोणाच्या मुलाचे गणित. इथे ते दोनशे चारचे आजोबा. पहिले चार महिने ते कदंबच्या बसने दिवसाआड गावी जात होते आणि बंद घराच्या सोप्यावर बसून दुपारी परतत होते. मुलगी धास्तावली, त्यांना थांबवा म्हणाली. मी उलट सल्ला दिला: जाऊ द्या. घर कोणाचे कमी झाले हे पाहिले तर ते त्यांचे झाले होते. माईंचे काम कमी झाले होते. आम्ही सगळ्यांनी नियोजन केले ते माईंच्या गुडघ्यांभोवती. चुन्याच्या रेघांत सोपो आखलाच नव्हता, कारण फ्लॅटला तो नसतो. पुढच्या कामात मी नवरा आणि बायको यांचे नकाशे वेगवेगळे भरून घेणार आहे, आणि खोलीबरोबर तिथे कोण भेटते तेही लिहायला सांगणार आहे.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर इमारतीतल्या एका नववीतल्या मुलाच्या आईने गणिताचे विचारले. आता दुसऱ्या बेडरूममध्ये संध्याकाळी पाच मुले असतात. चपला बाहेरच्या मार्गिकेत पसरतात म्हणून सोसायटीच्या सचिवांनी एकदा नोटीस लावली. तात्यांनी तिच्यातल्या दोन शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या. त्या दोघांचे अजून बोलणे नाही. गावच्या फेऱ्या आठवड्यातून एकीवर आल्या आहेत.

२७ ऑगस्टला २०२५ ची चवथ जुन्या घरात झाली. रांदप्याच्या खतखत्याला चव नव्हती यावर चारही घरांचे एकमत झाले, पण पुढच्या वर्षीही तोच येणार आहे. आजोबांचा आणि वडिलांचा वारसा दस्त झाला. आईचा अडला आहे, तिच्या जन्मनोंदीतले नाव आणि लग्नातले नाव यांच्या घोळात. एक-चौदावर त्यामुळे अजून आजोबाच आहेत. कॅनडाच्या भाचीचे मुखत्यारपत्र कुरियरने निघाले आहे. ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यायचा आहे, आणि ते काम तात्यांनी स्वतःकडे घेतले आहे.